हाजिर हो

बबननं कोयता डोक्यावर उचलला होता. समोर त्याचा धाकटा भाऊ शांताराम भिंतीला टेकून उभा, आणि दोघांच्या मधे आमचे जजसाहेब. अंगात बनियन, कमरेला टॉवेल, अर्ध्या गालाला साबण. दाढी अर्धी टाकून धावत आले होते. चिखलीतल्या आमच्या गल्लीची बाकी माणसं दारं लावून खिडकीतून बघत होती. बोळाच्या तोंडाशी मी एकटी होते.

"सरका सायेब," बबन ओरडला, "न्हाईतर तुमीबी जाल!"

"तुमचं म्हणणं ऐकलं," जजसाहेब म्हणाले. "आता यांचं ऐकू."

ही काय ऐकायची वेळ होती? पण या माणसाला दुसरं काही येतच नव्हतं. निकाल द्यायला इतका घाबरणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि नोकरीभर त्यांनी तेच काम केलं. तालुक्याच्या कोर्टांतून चढत जिल्हा न्यायाधीश झाले, बदली होईल तिकडे बायको आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन गेले, आणि रिटायर झाल्यावर मुलाकडे आमच्या शेजारी राहायला आले. मुलगा चाकणला कंपनीत साहेब. बायकोनं आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तर हे म्हणायचे, "भात खाऊन सांगतो. एकट्या आमटीचं ऐकून ठरवणं बरं नाही." एकदा गल्लीतला कुत्रा यांच्याच पोटरीला चावला. पोरं काठ्या घेऊन निघाली, तर हे इंजेक्शनला जाता जाता म्हणाले, "त्याच्या शेपटीवर पाय कुणाचा पडला, ते आधी बघा." पाय यांचाच पडला होता.

शेवटी बायकोनं त्यांना घरातून हुसकलं, तेव्हा ते दर शनिवारी दत्ताच्या देवळाच्या ओट्यावर बसून लोकांची भांडणं ऐकायला लागले. फुकट. दारात गाडी लावली, नळाचं पाणी अडवलं, लातूरच्या भाडेकरूनं गच्चीत कोंबड्या पाळल्या, असली भांडणं. दोन्हीकडचं ऐकायचं आणि म्हणायचं, "पुढची तारीख." लोक वैतागायचे. मी तोंडावर म्हटलं, "साहेब, कोंबड्या म्हाताऱ्या होतील."

"होऊ द्या बाई. भांडणही होईल."

खोटं नव्हतं. निम्मी भांडणं दोन तारखांच्या मधेच दमून जायची. कोर्टासारखा पट्टेवाला तिथे नव्हता, म्हणून नावं पुकारायचं काम माझ्याकडे आलं. माझा आवाज मोठा आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, पण ओरडायला ती पुरते.

या दोघा भावांचं भांडण जिन्याचं. बबन गावाला गेला असताना शांतारामनं दोघांच्या सामाईक बोळात जिना चढवला. बबन ओट्यावर यायला तयार नव्हता. "बापाचा जलम कोर्टात गेला, बाप गेल्यावर माजा गेला," म्हणायचा. जमिनीच्या दाव्यात वारस म्हणून त्याचंच नाव लागलं होतं. पुकारा ऐकू आला नाही तर दावा बुडेल या भीतीनं तो वर्षानुवर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात कान टवकारून बसलेला. पाणी प्यायलाही उठायचा नाही.

त्या सकाळी कोयत्यावरची नजर न काढता जजसाहेब मला म्हणाले, "बाई, पुकारा करा."

मला वाटलं, भीतीनं डोकं फिरलं यांचं. तरी ओरडले, "बबन सखाराम हाजिर होऽऽ!"

"हाय सायेब!" म्हणून बबननं कोयता खाली ठेवला, चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिला. मग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं मला जी शिवी दिली ती मी लिहिणार नाही. शांताराम भिंतीवरून घसरत खाली बसला. जजसाहेबांनी कोयता उचलून माझ्या हातात दिला. "मुद्देमाल," म्हणाले. मग भावांकडे वळले. "दोन्ही पक्ष हजर आहेत. शनिवारची तारीख." आणि उरलेली दाढी करायला गेले.

शनिवारी दोघं आले. पुढच्याही आले. जिन्याचा निकाल साहेबांनी शेवटपर्यंत दिला नाही. तारखा चालू असतानाच गेल्या पावसाळ्यात ते झोपेत गेले.

पुढच्या शनिवारी दोघं भाऊ ओट्यावर येऊन बसले. मी पुकारा केला नाही.

"आता तारीख कोन देनार, दादा?" शांतारामनं विचारलं.

बबननं पायात चपला सरकवल्या. मग म्हणाला, "चल, च्या घिऊ."

त्या सकाळी बोळात आम्ही चौघं होतो. चौघंही वाचलो. आता तिघं आहोत.