अर्धी दाढी, अर्धी मिशी

२०१८ साल. माझं वय एकोणसाठ, रिटायर व्हायला थोडकंच उरलेलं. बेळगावच्या एका सरकारी दवाखान्यात मी न्हावी होतो. ऑपरेशनच्या आधी पेशंटचे तेवढ्या जागेवरचे केस काढायचे, त्याला आमच्यात ‘पार्ट प्रिपेर’ म्हणतात. माझी शाळा चौथीत सुटली, पण हे काम माझ्याइतकं साफ कुणी करत नव्हतं. खोटं कशाला बोलू.

त्या दुपारी कैदी वॉर्डात गेलो, तर पेशंट दाढीला हातच लावू देईना.

बाबगोंडा आण्णा. निपाणीकडचा जैन शेतकरी, तंबाखू पिकवणारा, माझ्याहून मोठा. गावच्या वेशीवरची मराठी पाटी सरकारी लोकांनी काढली होती, ती यानं परत लावली. पोलिसांशी झोंबाझोंबी झाली, म्हणून जेलात. डावा हात बेडीनं खाटेला अडकवलेला. दात किडून उजव्या जबड्याखाली पू झालेला. सकाळी लिंबाएवढी असलेली सूज दुपारी पेरूएवढी.

“सीमाभाग महाराष्ट्रात गेल्याबिगर दाढी काढणार न्हाय. बस्तीत, आमच्या जैन देवळात, देवापुढं नेम घेतलाय.” बोलताना त्याच्या घशातून शिट्टी वाजत होती.

डॉक्टर मॅडम आल्या. “सूज घशाकडं उतरतेय, आण्णा. श्वास अडकेल. सगळी नको, उजवी बाजू काढली तरी पुरे.”

“अर्धी? अर्धी तर मुळीच न्हाय.”

“नेम मोडेल म्हणून?”

“नेमाचं मी देवाशी बघून घेईन. अर्धी दाढी चोराची काढत्यात, गाढवावर बसवायला. उद्या गाव मला बघायला येईल.”

पहाऱ्यावरचा शिवाप्पा दारातच येरझाऱ्या घालत होता. कैद्याला काही झालं तर जाब त्यालाच. “चौघं मिळून धरूया की, मॅडम.”

“बिलकुल नाही. शुद्धीत आहे, नको म्हणतोय. त्याची सही नसताना मी हात लावणार नाही.” मॅडम थिएटर तयार ठेवायला सांगून गेल्या.

मी ट्रे घेऊन तसाच उभा. शिट्टी वाढत होती. एकदा बसलो, परत उठलो.

“कुठला रं तू?” आण्णानं विचारलं.

“काकतीचा.”

“मराठी?”

“व्हय.”

“मग तुला कळाय पाहिजे. पण दुसऱ्याची दाढी उतरवणाऱ्याला अब्रू काय कळणार म्हणा.”

हे मला लागलं. माझी मिशी लग्नापासूनची, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. काकतीत मला मिशीवाला आप्पा म्हणूनच ओळखत्यात. बायकोनंसुद्धा मला बिनमिशीचं बघितलेलं न्हाय. मी बेसिनपाशी गेलो, पाकिटातलं नवं ब्लेड वस्तऱ्याला लावलं आणि माझ्याच मिशीची उजवी बाजू उडवली. साबणसुद्धा लावला न्हाय.

खाटेपाशी परत आलो. “आता दोन चोर झाले. गाढव एकच असलं तर मी पुढं बसतो.”

शिवाप्पा येरझाऱ्या विसरून भिंतीला टेकला आणि हसत सुटला. आण्णा माझ्या तोंडाकडं बघतच राहिला.

“खुळा हाईस काय रं?”

“व्हय. सही करा आणि मान वर घ्या.”

मोकळ्या हातानं त्यानं सही केली. मी हात धुतले, ब्लेड बदललं आणि त्याच्या दाढीची उजवी बाजू काढली. सूज इतकी ताणलेली की वस्तरा नुसता टेकवत फिरवला. एक थेंब रक्त येऊ दिलं न्हाय.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, पू निघाला, श्वास सरळ झाला. वॉर्डात डोकावलो तर आण्णा गळ्याला पट्टी बांधून झोपला होता. बेडी तशीच.

शिवाप्पा म्हणाला, “घरी जायच्या आधी दुसरी बाजूबी काढून टाक. आज खुळं म्हटलं कुणी, तर उद्या विसरतील.”

या नोकरीत मी एवढंच शिकलो. अडलेल्या माणसाला नुसतं बोलून हलवता येत न्हाय, आपलंही काहीतरी उतरवावं लागतं. आणि ते परत यायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं वस्तरा माझ्यापुढं ठेवला. “तिकडं आण्णाची दाढी अर्धीच हाय,” म्हणत मी तो बाजूला सारला. उरलेल्या अर्ध्या मिशीला तेल लावलं, पीळ दिला आणि काकतीच्या स्टँडवर सगळ्या गावादेखत बस धरून ड्युटीवर गेलो.