निजलेल्या मारुतीनं मला गप्प केलं

खरं सांगते, त्या शनिवारी मी मारुतीवर चिडूनच घरून निघाले होते. सौंसरात सकाळी शाळेत शिकवणं, दुपारी घरी शिकवणी, संध्याकाळी भजन मंडळ. सगळीकडे माझाच आवाज. दोन महिने घसा बसत होता आणि मी कोमट पाणी पिऊन पिऊन रेटत होते. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं, "तीन आठवडे तोंडातून चकार शब्द काढू नका. नाहीतर हा आवाज परत येईल याची खात्री नाही." माझं पोटही त्या आवाजावर आणि भक्तीही. देवासाठीच गाते ना मी, मग त्यानंच असं करावं?

आणि मी काय केलं? जवळच्या जामसावळीच्या मारुतीला जाऊन एकशे आठ प्रदक्षिणा घालायचा नवस बोलले, त्याही मोठ्यानं नाम घेत! डॉक्टर गप्प राहा म्हणतात आणि ही बाई असला नवस बोलते.

चाळिसाव्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी आली, मी मटकन खाली बसले. शेजारी एक म्हातारी होती. आजारी नवऱ्याला घेऊन ती बरेच दिवस देवळातच मुक्कामाला होती. तिनं पाणी पाजलं, संत्रं सोलून हातावर ठेवलं आणि म्हणाली, "अवं बाई, खुद्द मारुती आरामात लेटून राहिला इथं, अन् तू काहून धावून राहिली?"

मला हसूच आलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर नुसती हवा निघाली. आवाज पार गेला होता. भीतीनं रडू फुटलं. म्हातारीनं पाठीवर हात फिरवला. "रडू नको वं माय. त्यानं गप केलं ना तुले? मंग राह्य गप. तुह्यं काम तो पाहून घेईन."

लहानपणापासून हा निजलेला मारुती मी पाहत आले, पण एवढा बलवान देव निवांत पडून आहे, हे कधी मनात शिरलंच नव्हतं. उरलेल्या फेऱ्या त्याच्या पायाशी सोडल्या आणि बस धरून घरी आले.

मग पाटी-पेन्सिल घेतली, शाळेतून छुट्टी घेतली. आमचे हे म्हणाले, "घरात एवढी शांती! मारुतीले अजून एक नारळ फोडून येतो." सासूबाई हसून हसून बेजार.

भजन मंडळ मात्र माझ्याशिवाय बंद पडणार, असं मी धरूनच चालले होते. पण शेजारच्या कुसुमवहिनी गायल्या. अकरा वर्षं माझ्या मागे बसून टाळ वाजवणाऱ्या! काय तो गळा, अहाहा! मला लाजच वाटली. एवढी वर्षं मी त्यांना गाऊच दिलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू बोला. पहिला शब्द मारुतीचं नावच असेल, असं ठरवून मी भजनाला बसले. वहिनींचं भजन संपलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, अजून एक म्हणा ना!"

आवाज थोडा जाडसर होता, पण माझाच होता. सगळ्या बाया वळून पाहायला लागल्या. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आणि मी हसतेय. आता घसा खरखरला की मी चिडत नाही. थांबायचा निरोप आला समजते आणि गप्प बसते. मारुतीराया, तुझे उपकार कसे फेडू? त्या दिवशी तुझं नाव घ्यायचं राहूनच गेलं. पण तू रागावला नसशील, तूही वहिनींचं गाणंच ऐकत असशील.