चित्रातली जागा

भलत्याच गोष्टीवर जीव तोडून मेहनत करण्यात माझ्या पार्टनरचा हात धरील असा माणूस उभ्या नाशकात सापडणार नाही. हे मी रागाने म्हणते आहे असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय. पार्टनर म्हणजे प्रोजेक्टमधला. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला शहरातली एक जागा निवडून तिचा नवा आराखडा दोघादोघांनी करायचा असतो, आणि हजेरीपटावर आमची नावं शेजारी होती एवढ्या एका गुन्ह्यासाठी तो माझ्या वाट्याला आला. जागा मी निवडली: गंगेवरचा, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावरचा, बुधवारचा बाजार. घाटाचं सुशोभीकरण होणार, पायऱ्यांच्या कडेला बसणाऱ्या भाजीवाल्यांना तिथून उठवणार, अशी कुणकुण होती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पत्रकं लिहिणारी आणि वाटणारी मुलगी. बाजार तिथेच ठेवूनही घाट देखणा होतो, हे कागदावर काढून दाखवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यात आम्हाला तपासायला येणारे बाहेरचे परीक्षक म्हणजे त्याच घाटाच्या कामावरचे सल्लागार निघाले. अशी संधी चळवळीला रोज मिळत नाही. मी पार्टनरला हे सगळं आवेशाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "पुढारी, आधी चहा घेऊ."

मला तो पुढारीच म्हणायचा. चहा घेतल्याशिवाय त्याला कुठलीही जागा कळत नसे, आणि एका चहात कळली असं कधी झालं नाही. मोजायला टेप असायची, पण ती माझ्या पिशवीत. त्याचं माप म्हणजे तो स्वतः. घाटाची पायरी बसायला पुरेशी रुंद आहे का, हे बघायला तो भर दुपारी तिच्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला. मी नकाशा घेऊन परत येते तर कुणा यात्रेकरूने त्याच्या पायाशी झेंडूचं फूल ठेवलेलं. उठवल्यावर लाज वगैरे काही नाही. म्हणाला, "रुंदी पुरते. झोप लागली म्हणजे पुरतेच." आराखड्यात त्या पायरीपुढे मी इंच लिहिले, त्याने माझ्या नकळत खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'झोपून पाहिली आहे.' ते तसंच छापून गेलं.

पण हे सगळं परवडलं असतं. खरा घोळ झाला तो माणसांचा. इमारतीचं किंवा चौकाचं चित्र कॉम्प्युटरवर केलं की ते ओसाड दिसतं, म्हणून त्यात तयार मिळणारी माणसं चिकटवायची पद्धत आहे. ही माणसं कुठल्या देशातली आहेत देव जाणे. सोनेरी केसांची, कुत्रं घेऊन पळणारी बाई. हेल्मेट घातलेला सायकलवाला. आणि हातात लाल फुगा घेतलेलं एक गोरं पोर. आमच्या वर्गात कुणी सुरगाण्याचा आठवडे बाजार केला, कुणी लासलगावचं मार्केट यार्ड केलं, कुणी गंगापूर रोडचा चौक केला. कांद्याच्या ट्रॅक्टरमधून वाट काढत ते लाल फुग्याचं पोर सगळीकडे हजर. मलाही ते आमच्या चित्रात चालणार होतं, कारण वेळ कमी होता. पार्टनरने मात्र पाय रोवले. "या पोराला मी पाच वर्षं बघतोय," तो म्हणाला, "अजून मोठं होत नाही. मला नको."

मग काय, बुधवारी हा कॅमेरा घेऊन बाजारात. तवे विकणारा, सुरीला धार लावणारा, दोरखंडवाला, चपलांचा ढीग मांडून बसलेलं जोडपं, सगळ्यांचे उभे-बसलेले फोटो काढायचे, घरी नेऊन एकेकाच्या मागची पार्श्वभूमी पुसायची, अगदी केसाच्या बटेभोवतीची सुद्धा, आणि मग त्यांना आमच्या चित्रातल्या नव्या ओट्यांवर नेमकं बसवायचं. पहिलं चित्र झालं तेव्हा हौसेने लॅपटॉप घेऊन तो ते बाजारात दाखवून आला. तिथेच आमचं वाटोळं झालं. पुढच्या बुधवारी गेलो तर बाजारभर पसरलेलं होतं की ज्याचा फोटो त्याला जागा पक्की. लोक इस्त्रीचे शर्ट घालून आलेले. धारवाल्याचं म्हणणं, दुसऱ्या धारवाल्याशेजारी मला टाकू नका. चपलावाल्याला कोपरा हवा. एकाने घरून बायकोला आणलेलं, तिला शेजारी बसवा म्हणून. मी पायरीवर चढून, मोर्चात ओरडते तशी ओरडून सांगितलं की बाबांनो, हे कॉलेजचं चित्र आहे, यात कुणालाही जागा मिळत नाही, जागेसाठी लढावं लागेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोरखंडवाला म्हणाला, "ते कळलं ताई. पन आमचा काढून ठिवा."

माझ्या पार्टनरला नाही म्हणता येत नाही. तो अवयवच त्याला जन्मतः नाही. त्याने सगळ्यांचे फोटो घेतले. मी संतापले. आमचे ओटे, पाणी जायच्या नाल्या, सावलीचं छत, ज्याच्या जोरावर मी त्या सल्लागारांना गाठणार होते, ते सगळं माणसांखाली दिसेनासं व्हायला लागलं. मी विचारलं, तू त्यांना खोटी आशा का लावतोस? तो म्हणाला, "मेथीवाल्या मावशींनी विचारलं, आमची जागा राहील ना. मला काय ठाऊक, राहील का. चित्रात ठेवणं एवढंच माझ्या हातात आहे."

या मावशी गिरणाऱ्याकडून मेथी-कोथिंबीर घेऊन यायच्या आणि पार्टनरला उपाशी समजून मुळे खायला घालायच्या. चित्र बघून बाकी सगळे खूष, यांची एकच तक्रार. "आरं, मला उन्हात का बसिवलं? भाजी सुकंल ना." खरंच, छताची सावली त्यांच्या जरा पलीकडे पडत होती. पार्टनर हळूच मला म्हणाला, "सूर्य हलवावा लागेल." सूर्य हलवायचा म्हणजे सगळं चित्र पुन्हा कॉम्प्युटरला घालून रात्रभर वाट बघायची, आणि आमचं सबमिशन उद्यावर आलेलं. मी सांगितलं, सूर्य हलणार नाही. त्याने मावशींना कबूल केलं, पुढच्या खेपेला नक्की सावलीत. मावशी म्हणाल्या, "बघ हां."

परीक्षेला ते सल्लागार आमच्या चित्रापुढे उभे राहिले. चष्मा वर केला, खाली केला. "हे प्रपोजल आहे की लग्नाचा ग्रुप फोटो? यात डिझाइन कुठे आहे?" पार्टनर म्हणाला, "खाली आहे सर. त्यांच्या खाली." पुढे मी माझं भाषण केलं, ते कुणी ऐकलं असं वाटत नाही. आम्ही कसेबसे पास झालो. ते चित्र मोठ्या फ्लेक्सवर छापून आम्ही बाजारात लावलं, निवेदनाला जोडून महापालिकेत दिलं, पोच घेतली. उत्तर आलं नाही. कामापुरतं, तात्पुरतं म्हणून पायऱ्यांच्या कडेचे लोक उठवले गेले. तात्पुरतं हा या देशातला सगळ्यात टिकाऊ शब्द आहे. मावशी आता मखमलाबाद रोडला एका बंद शटरपुढे बसतात, उन्हात.

पार्टनरने पुण्यात नोकरी धरली, बिल्डरांच्या स्कीमची चित्रं करायची. मी फोनवर त्याला विकला गेलास असं तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "हो ना. पण कँटीन बरं आहे." त्यानंतर मीच फोन कमी केले.

परवा गंगापूर रोडला सिग्नलवर एका मुलाने माझ्या हातात गुळगुळीत जाहिरात कोंबली. पत्रक वाटणाऱ्याला मी कधी नाही म्हणत नाही, त्या कामाची पायपीट मी केली आहे. उघडलं तर निळाशार तलाव, काचेचा मनोरा, कुत्रं घेऊन पळणारी तीच बाई. आणि कोपऱ्यात, मोठ्या छत्रीखाली, गोणपाटावर मेथीच्या जुड्या मांडून मावशी. लाल फुग्याचं पोर कुठेच नव्हतं. मी तिथल्या तिथे पार्टनरला फोन लावला. "साहेबांनी विचारलं होतं, ही कोण," तो म्हणाला. "म्हटलं, लोकल टच." आणि मग, "दाखवशील त्यांना?"

मी तशीच मखमलाबाद रोडला गेले. मावशींनी हात पदराला पुसले, कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता जागेचं विचारतील, आणि मला उत्तर द्यावं लागेल.

"गिऱ्हाईक नाय हिथं एक बी," त्या म्हणाल्या. मग छत्रीवर बोट ठेवून हसल्या. "पन सावलीत बसिवलं बग पोरानं."