कोर्स पूर्ण करायचा असतो

गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान होतं आणि तिथे एकतीस वर्षं काउंटरमागे उभ्या असलेल्या बाईंना सगळे मावशी म्हणत. जीभ तिखट. खोकल्याचं औषध मागणाऱ्याला आधी "सिगारेट टाक, मग तोंड उघड" असं ऐकवायच्या. तरी लोक जवळचं दुकान सोडून त्यांच्याकडे यायचे, कारण कुणाला कुठलं औषध सोसत नाही हे मावशींना तोंडपाठ आहे, असा त्यांचा लौकिक होता.

नवं गिऱ्हाईक आलं की मावशी विचारायच्या, "कुठलं औषध सोसत नाही, असं काही आहे का?" जुन्या माणसाला मात्र कधीच नाही. त्याच्याशी सुनेच्या, दातांच्या गप्पा मारता मारता त्या चष्मा सावरायच्या आणि म्हणायच्या, "डॉक्टरांना जाऊन सांग, ही गोळी तुला चालत नाही." गिऱ्हाईक थक्क. आता खरं सांगायचं तर चष्मा सावरताना त्यांची नजर काउंटरच्या खालच्या फळीवर जायची. तिथे कॉम्प्युटर होता. कुणाला कुठल्या गोळीने सूज आली, कुणाला पुरळ उठलं, सगळी यादी त्यात होती. आधी ती अकरा वह्यांत होती. वह्या टाइप करून झाल्यावर मावशींनी त्या रद्दीत घातल्या. दोन ठिकाणी लिहिलं की दोन ठिकाणी चुकतं, असं त्यांचं म्हणणं.

एका सोमवारी सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट आली: संरक्षणाची मुदत संपली आहे.

मुदत संपणं हा मावशींच्या दृष्टीने चेष्टेचा विषय नव्हता. मुदत संपलेली साधी मलमाची ट्यूबसुद्धा त्यांच्या दुकानात रात्र काढत नसे. दुपारी दुकान बंद करून त्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या आणि व्हायरसपासून संरक्षण देणारा प्रोग्रॅम मागितला. विक्रेत्याने खोकं पुढे केलं. मावशींनी ते औषध तपासावं तसं तपासलं. सील शाबूत, मुदत अजून वर्षभराची, नंबर छापलेला. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही होतं, ते त्यांनी सोडून दिलं. बारीक अक्षरांत साइड इफेक्ट असतात आणि ते वाचत बसलं तर माणूस औषध घेणारच नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

"तुमच्या कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टिम कुठली आहे? कुठली आवृत्ती?" विक्रेत्याने विचारलं.

"चांगली चालते आहे," मावशी म्हणाल्या.

दुकानात येऊन त्यांनी आधी जुना प्रोग्रॅम काढून टाकला, कारण एकाच दुखण्यावर दोन औषधं एकदम नकोत. मग खोक्यातली सीडी घातली. एक पट्टी हिरवी होत पुढे सरकू लागली आणि मध्येच पाटी आली. हा प्रोग्रॅम तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीशी जुळत नाही. तरीही पुढे जायचं का?

मावशी थांबल्या, नाही असं नाही. पण सुरू केलेलं औषध अर्ध्यावर सोडणाऱ्यांवर त्यांनी उभा जन्म तोंडसुख घेतलं होतं. कोर्स पूर्ण करायचा असतो. त्यांनी 'हो' दाबलं.

पट्टी सत्तर टक्क्यांवर अडकली. पडदा निळा झाला, मग काळा. कॉम्प्युटर आपणहून बंद झाला, आपणहून सुरू झाला, पुन्हा निळा, पुन्हा काळा. चार वेळा, पाच वेळा.  एकतीस वर्षांत जोडलेली सगळी माणसं त्या डब्यात होती आणि डबा डोळे मिटत होता, उघडत होता, ओळख मात्र देत नव्हता.

दुरुस्तीवाला संध्याकाळी आला. त्याने खोकं उलटं केलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "तुमची सिस्टिम दहा वर्षं जुनी. यावर हे चालत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. वाचलं नाहीत?"

"मला वाटलं, साइड इफेक्ट असतील."

"तेच आहेत," तो म्हणाला आणि डबा काखोटीला मारून निघाला. "बुधवारी संध्याकाळी देतो. माहिती जाणार नाही, बहुतेक."

बहुतेक. हा शब्द मावशींनी स्वतः कितीतरी जणांना ऐकवला होता. ऐकणाऱ्याला तो कसा लागतो, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

मंगळवार उजाडला. पहिलं गिऱ्हाईक वीस वर्षांच्या ओळखीच्या शिक्षिकाबाई. मावशींचा हात सवयीने चष्म्याकडे गेला, नजर खाली गेली, तिथे नुसती धूळ आणि वायर. प्रश्न ओठांवर आला. एक साधा प्रश्न. पण तो विचारला तर बाई म्हणणार, मावशी थकल्या. आणि संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर होणार. मावशींनी प्रश्न गिळला आणि आठवणीवर औषध दिलं. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. आठवत होतं की. कोण म्हणतं कॉम्प्युटर लागतो?

बुधवारी दुपारी बसचा ड्रायव्हर आला. गल्लीतच लहानाचा मोठा झालेला, पस्तिशीचा. दिवसभर सीटवर बसून लघवीला जळजळ होत होती. समोरच्या नव्या डॉक्टरांनी सल्फाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. सल्फा म्हटल्यावर मावशींच्या डोक्यात काहीतरी खुट्ट झालं. या घरात सल्फाचं काहीतरी होतं. कुणाचं बरं? हां, याच्या आईचं. बिचारी जाऊन सहा वर्षं झाली.

"डॉक्टरांनी विचारलं ना, काही सोसत नाही का म्हणून?"

"विचारलं. म्हटलं, मला कशाचं काही होत नाही. आणि झालंच तर आमच्या मावशी बसल्यात."

मावशी हसल्या. पाकिटावर लिहिलं, रात्री जेवणानंतर एक, आणि हातात दिलं.

आठच्या सुमाराला दुरुस्तीवाला डबा घेऊन आला. यादी जशीच्या तशी होती. मावशींना हायसं वाटलं, आणि वाटलं, बघू तरी आपली परीक्षा. दोन दिवसांत हाताने लिहिलेल्या बिलांची चळत घेऊन त्या एकेक नाव यादीत शोधू लागल्या. शिक्षिकाबाई, बरोबर. न्हावी, बरोबर. बावीस बिलं बरोबर निघाली, आणि मावशी मनात स्वतःची पाठ थोपटत होत्या. तेविसावं ड्रायव्हरचं.

पडद्यावर आईचं नाव नव्हतं. त्याचं होतं. वय सात. सल्फा. तोंड, गळा सुजला, श्वास अडकला, हॉस्पिटलात नऊ दिवस. पुन्हा कधीही नाही.

 सल्फा म्हटल्यावर आई आठवली होती, ती सुजलेल्या पोराला कडेवर घेऊन दारात रडत उभी राहिली होती म्हणून. त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गल्ला उघडा, दुकान उघडं, तशाच त्या निघाल्या. गुडघ्यांचं दुखणं गल्लीला माहीत असलेली बाई पळताना दिसली आणि न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. तीन जिने. दार ढकललं तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं.

ड्रायव्हर जेवून उठला होता. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर गोळी.

मावशींनी ती तळहातावरून उडवली. गोळी घरंगळत कपाटाखाली गेली. कुणाला काही कळेना. मग मावशी खाली बसल्या आणि जे होतं ते सांगितलं. ड्रायव्हरला लहानपणी हॉस्पिटलात होतो एवढंच आठवत होतं; कशाने, ते फक्त आईला ठाऊक होतं.

 ड्रायव्हरची बायको उठली, औषधांच्या डब्यातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढून तिने मावशींपुढे धरली. "सासूबाई ही जपून ठेवायच्या. मघाशी गोळीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली, सल्फा दिसलं, म्हणून चिठ्ठी काढलीसुद्धा. पण यावर नाव नाही. म्हटलं, सासूबाईंचीच असेल. आणि मावशींनी दिलंय म्हटल्यावर काय बघायचं? मीच म्हटलं यांना, घ्या."

चिठ्ठीवर दोनच शब्द होते, 'सल्फा नको', आणि अक्षर मावशींचं होतं. कुणाला नको, ते त्यांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी लिहिलं नव्हतं. नाव कशाला घालायचं, आपल्याला माहीतच आहे.

 मावशींनी चिठ्ठी मिटून ड्रायव्हरच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं रे. काल नव्हतं, आज नव्हतं. आणि मी विचारलं नाही, कारण मला लाज वाटली."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर डॉक्टरांकडून औषध बदलून घेऊन आला. दुकानात चार माणसं होती. मावशींनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "कुठलं औषध सोसत नाही, असं काही आहे का?"

"मावशी, कालच तीन जिने चढून आलात की."

"ते राहू दे. तू सांग."

"सल्फा," तो म्हणाला. "मला सल्फा चालत नाही."

मावशींनी नवी वही उघडली आणि आधी त्याचं नाव लिहिलं.