तळावरची कामं

२० एप्रिल, सोमवार. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, चौथा दिवस. आदल्या दिवशी गच्चीवर खाटांवर थापलेली कापडं उलटी करायची, मागून पाण्याचा हात फिरवायचा आणि एकेक बिबडा न मोडता सोडवायचा, हे सकाळचं काम. ज्वारी भिजवण्यापासून डबे भरेपर्यंत आठवडा जातो. थापायला शेजारच्या अक्का येतात, त्यांच्याकडचे असले की मी जाते. मी ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळते आणि दर एप्रिलात बिबड्यांसाठी रजा टाकते. साहेब हसतात, पण जळगावचेच आहेत, म्हणून देतात.

या वर्षी बिबड्यांच्या जोडीला आणखी एक काम होतं. मुलीने केलेला गेम खेळून बघायचा होता.

मुलगी पुण्यात असते. नोकरी सांभाळून ती आणि तिची एक मैत्रीण दोन वर्षं हा गेम करत होत्या. अंतराळातली छोटी गोष्ट आहे. मारामारी नाही, शत्रू नाही. एक बाई दूरच्या ग्रहावर एका तळावर एकटी राहते आणि तिला तिथून निघून पुढचे ग्रह बघायचे असतात, एवढंच. आठवड्यापूर्वी मुलीचा फोन आला.

"मम्मी, लिंक पाठवलीय. माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल. तासाभराचा आहे, पण तू स्वतः खेळ. त्यात रेडिओवर जो आवाज आहे, तो तुझा आहे."

"माझा? मी कधी दिला?"

"तुझे व्हॉइस मेसेज. सात वर्षांचे साठलेत माझ्याकडे. त्यातले तुकडे घेतलेत."

"विचारायचं नाही का आधी?"

"आता विचारतेय ना. विकायला ठेवणार आहोत. तू नाही म्हटलीस तर तुझा आवाज काढून टाकू, पण मग त्या गेममध्ये काही उरणार नाही. सोमवारपर्यंत सांग."

म्हणजे तिची दोन वर्षं माझ्या एका शब्दावर येऊन थांबली होती. मी स्टोअरमध्ये चलनावरसुद्धा माल बघितल्याशिवाय सही करत नाही. खेळल्याशिवाय हो म्हणणार नव्हते.

शुक्रवारी दुपारी बसले. पडद्यावर तांबडी जमीन, मधोमध लहानसा तळ, आणि बाहेर उन्हात रांगेने मांडलेल्या गोल पाट्या. त्या ऊन खाऊन वीज द्यायच्या. बघून मला हसू आलं. शाळेत असताना हिला आम्ही गच्चीवर बिबड्यांच्या राखणीला बसवत असू, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात छत्री देऊन. तेवढ्यात रेडिओ खरखरला आणि मी बोलले.

"आधी हातातलं काम पुरं कर."

सर्दी झाल्यासारखा, पण आवाज माझाच. मी पाट्या पुसल्या. टाकी भरली. हवेची गाळणी साफ केली, रोपांना पाणी घातलं. एक काम झालं की रेडिओ पुढचं बोलायचा. "दार नीट लावलंस का?" "एकटी कुठे जाऊ नको." "अंधार पडायच्या आत आत ये." तोवर पाट्यांवर पुन्हा धूळ बसलेली असायची. मी पुन्हा पुसायची.

शनिवारी वही घेऊन बसले. धूळ किती वेळाने बसते, टाकी केव्हा रिकामी होते, हे टिपून कामांचा क्रम लावला. एकदा तर सगळी कामं एकाच वेळी हातावेगळी केली, एकही लाल दिवा उरला नाही. आता दार उघडेल म्हणून मी वाट बघत बसले. रेडिओ म्हणाला, "बघ बरं, परत एकदा बघून घे."

गच्चीवरून अक्का ओरडल्या, "पोर पुण्याले, अन् माय आठे गेम खेळी राहिनी! बठ्ठा बिबडा वाळी ग्यात, येस का वर?"

रविवारी बिबडे सोडवून झाल्यावर मी मुलीला फोन लावला.

"तुझा गेम संपत नाही."

"कुठवर आलीस?"

"तळावर आहे."

ती म्हणाली, "अजून? तीन दिवस?"

"कामं संपत नाहीत. संपली की निघेन ना."

"मम्मी, ती संपणारच नाहीत. तशीच केलीत. रेडिओवरची बाई बोलत असते तेव्हाच दार उघडून चालू पडायचं. लोक पहिल्या पाच मिनिटांत निघतात. आम्ही कितीतरी जणांना खेळायला दिला, तळावर कोणी राहिलं नाही." आणि ती हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

रेडिओवरची बाई म्हणजे मी.

फोन ठेवला आणि दारापाशी गेले. दाराला कुलूप नव्हतंच. तीन दिवसांत मी ते ढकलून बघितलं नव्हतं. बाहेर पडले, तिथे उभ्या असलेल्या यानात बसले, निघाले. मागे माझा आवाज बोलतच होता. "पोचलीस की कळव. कळव हं. कळवलं नाहीस." प्रत्येक ग्रहावर तो बारीक होत गेला आणि तिसऱ्यावर बंद पडला. तिथे फार छान वाटतं. हे मी खोटं लिहिणार नाही. माझा आवाज बंद झाल्यावर मलाच छान वाटलं.

आणि प्रत्येक ग्रहावर एक दिवा होता. तळावरच्या बाईचा बाप तिच्या आधी या वाटेने गेलेला असतो आणि तिच्यासाठी दिवे लावून ठेवत गेलेला असतो. दिव्यापाशी गेलं की अक्षरं उमटतात: "भिऊ नको. पुढे ये." शेवटचा दिवा एका डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथे ती बाई बसते, वर सगळं आकाश उघडं होतं, आणि गेम संपतो.

मी लॅपटॉप मिटला आणि पंधरा मिनिटं तशीच बसून राहिले. रागाने.

तो डोंगर मी ओळखला. नववीत असताना तिच्या शाळेची आकाशदर्शनाची सहल निघाली होती, चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. शाळेच्या बाई सोबत होत्या, मुक्काम तिथल्या शाळेत होता. तिच्या सगळ्या मैत्रिणी गेल्या. हिला मी नाही म्हटलं.

मी म्हटलं हे खरं आहे. पण ठरवलं कोणी?

आमच्या घरात बाप मुलीला कधी नाही म्हणत नसे. माझे वडीलही मला कधी 'नाही' म्हणाले नाहीत; त्यांचं 'नाही' माझ्या आईच्या तोंडून यायचं. लग्न होऊन आले तर इथे तीच पद्धत. नवरा भुसावळला रेल्वेत होता, रोजचं अप-डाउन. संध्याकाळी घरी आला, जेवायला बसला की ताटाकडे बघत म्हणायचा, "तिला सांग, जायचं नाही." पोरगी समोर आली की डोक्यावरून हात फिरवायचा. "सहल? वा! मम्मीला विचार, ती हो म्हणाली तर माझं काय आहे?" पोरगी माझ्याकडे यायची. मी नाही म्हणायची. ती रडत गच्चीवर जायची आणि बाप तिच्यासाठी गाडीवरून कुल्फी घेऊन यायचा.

बारावीनंतर अहमदाबादला डिझाइनच्या कॉलेजात तिचा नंबर लागला तेव्हाही तसंच झालं. ताट, "तिला सांग", डोक्यावर हात. तिने इथेच तीन वर्षं नको असलेली डिग्री केली आणि त्या तीन वर्षांत माझ्याशी कामापुरतं बोलली.

मी तिला खरं का सांगितलं नाही? मोठेपणा म्हणून नाही. घरात एक माणूस आपल्या बाजूचा आहे असं तिला वाटत होतं, ते मोडायला नको, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे मला सवय झाली होती. आणि पुण्याला पाठवलेले सात वर्षांचे ते मेसेज मला कोणी सांगून पाठवलेले नाहीत. एकटी जाऊ नको, दार लाव, कळव. दुसऱ्याचं 'नाही' इतकी वर्षं बोलल्यावर ते माझंच झालं होतं. हेही लिहून ठेवते, नाहीतर हा हिशोब एकतर्फी होईल.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "काय गं, संपला का तिचा गेम? मी कुठे आहे का त्यात?"

"आहात. दिवे लावलेत तुम्ही. सगळ्या ग्रहांवर."

"काय सांगतेस!" माणूस फुलला. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "कसले दिवे?"

"तिने पुढे जावं म्हणून."

"बघ. पोरीला जाण आहे." मग जरा नाराज होऊन, "पण आवाज तुझा घेतला. माझा नाही घेतला."

"तुम्ही कधी काही बोललात का, घ्यायला?"

"मी कशाला बोलायचं? तू होतीस ना."

चेष्टा नव्हती. अगदी सहज म्हणाला आणि टीव्ही पुन्हा मोठा केला. बत्तीस वर्षांचा संसार त्या तीन शब्दांत बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन खिचडी टाकली.

आज सकाळी सात वाजता नवरा पेपर उघडून खुर्चीत बसला होता. मी फोन त्याच्यासमोर धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

"हे काय?"

"तिला तुमचा आवाज पाठवायचाय. तिला सांगा, सहलीला आणि अहमदाबादला जायचं नाही हे या घरात कोणी ठरवलं होतं."

पेपर वर गेला. त्यामागून काही आलं नाही. वर पंखा कटकटत होता. पान उलटल्याचा आवाज झाला. मी फोन धरून उभी राहिले.

"सकाळी सकाळी काय लावलंयस," शेवटी पेपरमागून आवाज आला. "चहा टाकलास का?"

मी रेकॉर्डिंग थांबवलं आणि होतं तसं मुलीला पाठवलं. खाली लिहिलं: माझा आवाज वापर, माझी हरकत नाही. पण हा पप्पांचा आहे. दिव्यापाशी हा लाव.

दोन्ही खुणा निळ्या झाल्या. ती लिहायला लागली, थांबली, परत लिहायला लागली. मी वाट बघितली नाही. फोन ओट्यावर ठेवला, चहा न टाकता गच्चीवर गेले आणि बिबड्यांची राहिलेली खाट उन्हात ओढली.