पियानोवरचा आरसा

"नव्वद गाणी," ट्रूडी म्हणाली. "नव्वद गाणी निवडलीस, आणि तुझ्या बापाला नाचता येईल असं त्यात एक नाही."

"डॅडला कुठल्याच गाण्यावर नाचता येत नाही," टेगन म्हणाली. "त्यात गाण्यांचा काय दोष?"

न्याहारीपासून हेच चाललं होतं. टेबलाच्या टोकाला बसून एव्हिस फरसबीचे दोर काढत होती आणि लेकीचं नि नातीचं भांडण ऐकत होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं, म्हणून तीही काही बोलली नव्हती.

टेगनचं लग्न एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, म्हणजे हिवाळ्याआधीची गव्हाची पेरणी सुरू व्हायच्या आत, बेरिनाप गावच्या हॉलमध्येच व्हायचं होतं. लागोपाठ दोन वर्षं पावसाने पाठ फिरवल्यामुळे सगळं बेताबेतानेच चाललं होतं. माणसं ऐंशी, फुलं शेजारच्यांच्या बागेतली, आणि जेवणाला रिवाजाप्रमाणे प्रत्येक घरातून एकेक ताट. गाणी लावणाऱ्या शहरातल्या एका माणसाला टेगनने भाव विचारला होता. त्याने सांगितलेला आकडा ऐकून तिचा बाप डॅरिल उठला आणि कुत्र्याला पाणी आहे का ते बघायला बाहेर गेला. अर्ध्या तासाने परत आला, तेव्हा तो विषय संपलेला होता.

मग टेगनने फोनवर गाण्यांची यादी केली. हेडनचा, म्हणजे नवऱ्यामुलाचा, मोठा स्पीकर होता. तो हॉलमध्ये ठेवायचा, फोन जोडायचा, की झालं. दमडीचा खर्च नाही. ट्रूडीलाही त्यात खोट काढता येत नव्हती, आणि म्हणूनच ती जास्त चिडली होती.

"आणि कड्याचं काय करणार?" तिने शेवटी विचारलं.

टेगनने हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

बेरिनापमध्ये लग्नाची संध्याकाळ निरोपाच्या कड्याने संपते. सगळे पाहुणे हात धरून हॉलभर मोठं कडं करतात. नवरानवरी आतून फिरत एकेकाला भेटतात, गालाचे मुके घेतात, आणि सगळ्यांत शेवटी दाराशी उभ्या असलेल्या आईबापांना बिलगून बाहेर पडतात. ज्याला जे बोलायचं असतं ते तो तिथेच बोलतो. वर्षभर अबोला धरलेले भाऊ तिथे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवतात. याला किती वेळ लागेल ते कोणालाच सांगता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात हेडनच्या बहिणीचं लग्न झालं, तेव्हा कड्याला फोनच लावला होता. जोडपं जेमतेम निम्म्यावर पोचलं आणि गाणं संपलं. पुढचं गाणं आपोआप सुरू झालं, ते असलं धांगडधिंग्याचं की गावातली मर्लमावशी नवरीच्या गळ्यात हात टाकायला पुढे झाली होती ती तशीच, हात पसरून, थिजल्यासारखी उभी राहिली. निम्मे लोक हसले, निम्मे उड्या मारायला लागले, आणि राहिलेल्या माणसांना नवरी भेटलीच नाही.

"मर्लमावशी अजून ते बोलून दाखवते," ट्रूडी म्हणाली.

"मग कड्याला नॅन पियानो वाजवेल," टेगन आजीकडे बोट दाखवत म्हणाली. "बाकी फोन, आणि कड्याला नॅन."

"हे तू पहिल्यांदाच का नाही बोललीस?"

"तू बोलू कुठे दिलंस?"

एवढ्यावर दोघी हसल्या आणि भांडण मिटलं. नॅनला काय, ती झोपेतही वाजवेल, असं ट्रूडी म्हणाली. टेगनने येऊन आजीच्या गालाला गाल लावला आणि बशीतली फरसबीची एक शेंग तोंडात टाकली. मग फ्रीजवर लावलेल्या कामांच्या यादीपुढे उभी राहून तिने 'संगीत' या शब्दापुढे लिहिलं: फोन, आणि नॅन (फुकट).

एव्हिस सगळ्या शेंगा निवडून होईपर्यंत बसून राहिली. मग आपली काठी घेऊन ती मागच्या अंगणातल्या आपल्या खोलीत गेली.

फुकट हे खरंच होतं. सतराव्या वर्षापासून तिने त्या हॉलमध्ये पियानो वाजवला तो फुकटच. चर्चमधल्या एका बाईने तिला शिकवलं होतं. त्या बाईंचं मनगट मोडलं म्हणून एका शनिवारी एव्हिसला नाचाला वाजवायला बसवलं, आणि मग ती उठलीच नाही. काढणीनंतरचे नाच, फुटबॉल क्लबचे नाच, गावातली एकूणएक लग्नं. मोबदला म्हणजे रुमालाखाली झाकून ठेवलेलं जेवणाचं ताट. ते तिला सगळ्यांच्या शेवटी मिळायचं, आणि कोंबडी गार झालेली असायची. तिची कधी तक्रार नव्हती. वाजवणं तिला मनापासून आवडायचं.

पण पियानो भिंतीला लावलेला होता, त्यामुळे वाजवणारीची हॉलकडे पाठ. लोक थकले की रंगात आलेत, कडं कुठवर आलंय, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून क्लेमने, म्हणजे पुढे तिचा नवरा झालेल्या माणसाने, मोडीत निघालेल्या आपल्या ट्रकचा बाजूचा आरसा काढला आणि पियानोच्या डोक्यावर दोन स्क्रूंनी बसवला. तेव्हा त्यांचं लग्नही ठरलं नव्हतं. गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, लोक मुलीला अंगठी देतात, याने आरसा दिला.

त्या आरशातून एव्हिसने सगळं गाव पाहिलं. जोडपं मर्लपाशी रेंगाळलं तर ती तोच तुकडा परत घ्यायची, पुढे सरकलं की चाल किंचित उचलायची, आणि ते दाराबाहेर पडायच्या क्षणाला शेवटचा सूर. कधी चुकलं नाही. लोकांना वाटायचं, सुरावटच तेवढ्या लांबीची आहे.

क्लेम झकास नाचायचा. दुसऱ्यांच्या बायकांबरोबर नाचत तो आरशासमोरून जायचा तेव्हा डोळा मिचकवायचा. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याबरोबर हॉलमध्ये एकदाही नाचली नाही. वाजवणार कोण?

ट्रूडीच्या लग्नातही तीच वाजवत होती. आरशात तिने लेकीला कड्यातून फिरताना पाहिलं. सगळ्यांत शेवटी ट्रूडी बापाच्या गळ्यात पडली आणि क्लेमचे खांदे हलले. मग ती पियानोपाशी धावत आली. एव्हिसचे हात पट्ट्यांवर होते, आणि सूर तोडला असता तर कडं विस्कटलं असतं. ट्रूडीने मागूनच वाकून तिच्या डोक्याचा मुका घेतला आणि गेली. त्या दिवशी एव्हिसने मुद्दाम केस सेट करून घेतले होते, आणि मुका त्या स्प्रे मारलेल्या केसांवर पडला. तिला धड जाणवलासुद्धा नाही.

हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिलाच वाटत नव्हतं. फ्रीजवरचा तो शब्द वाचेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ती हॉलवर गेली. किल्ली तिच्याकडेच असे. वर्षभर पियानो कोणी उघडला नव्हता आणि तिची बोटंही आता सरळ राहिली नव्हती. खालच्या दोन पट्ट्या दमट झाल्यासारख्या हळू उठत होत्या. ती कड्याची सुरावट वाजवत होती, तेवढ्यात आरशात हेडन दिसला. स्पीकर खांद्यावर घेऊन तो दारात उभा होता.

"थांबू नका," तो म्हणाला. "मी नंतर येतो."

"नंतर कशाला? ठेव ते खोकं खाली. खुर्च्या मांड गोल. कड्यासारख्या."

हेडन शब्दाला शब्द वाढवणारा मुलगा नव्हता. त्याने चाळीस खुर्च्या मांडल्या. मग एव्हिस म्हणाली, एकेका खुर्चीला निरोप दे, घाई करू नकोस. तिला बघायला कोणीतरी लागायचं. रिकाम्या आरशाकडे बघून तिला वाजवताच येत नसे.

तो फिरायला लागला. सुरुवातीला लाजला. मग त्याने एका खुर्चीशी हात मिळवला, दुसरीच्या पाठीवर थाप मारली, आणि एका खुर्चीपुढे दोन्ही हात पसरून बराच वेळ उभा राहिला. ती मर्लमावशी होती हे एव्हिसला न सांगता कळलं, आणि तिने तो तुकडा आणखी एकदा घेतला. दाराजवळ पोचून तो थांबला. तिनेही शेवटचा सूर वाजवला. बावीस मिनिटं झाली होती.

"नॅन," हेडन म्हणाला, "यातली तुमची खुर्ची कुठली?"

"माझी नसते. मी इथे."

"मग तुमचा निरोप आम्ही कुठे घ्यायचा?"

"डोक्यावर," एव्हिस म्हणाली. "ट्रूडीने तसाच घेतला. तेव्हापासून केस सेट करायचं सोडून दिलं मी."

ती हसत म्हणाली, पण हेडन हसला नाही. चाळीस खुर्च्यांच्या मधोमध तो नुसता उभा राहिला, आणि आरशात तिला त्याचा चेहरा दिसला. तिने पियानोवरची धूळ बोटाने पुसली. मग तिने विचारलं, "तुझा तो फोन नुसता गातोच, की त्याला ऐकताही येतं?"

"ऐकतो की."

"किती वेळ?"

"तुम्ही वाजवाल तेवढा वेळ."

"मग ठेव तो इथे, आरशाखाली. आणि पुन्हा फीर. या खेपेला जास्त रेंगाळ, टेगन रडणार आहे."

हेडन पुन्हा फिरला. वाजवून संपवलं तेव्हा एव्हिसच्या बोटांना पीळ पडला होता आणि उजव्या हाताची करंगळी मिटत नव्हती. त्याने फोन तिच्या कानाशी धरून ऐकवला. तेहतीस मिनिटं. मध्ये एकदा तिचा खोकला होता, स्टुलाचं करकरणं होतं, आणि छपरावर बसलेल्या गुलाबी काकाकुव्यांनी एका ठिकाणी हवा तेवढा कलकलाट करून घेतला होता.

"पुन्हा घेऊया का?" हेडनने विचारलं.

"कशाला? लग्नातही कोणीतरी खोकणारच."

शुक्रवारी संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. मटणाचे तुकडे, बटाटे, आणि तीच फरसबी. ट्रूडी म्हणत होती की नॅनसाठी पियानोजवळ पंखा लावला पाहिजे, आणि तिचं ताट आधीच वाढून रुमालाखाली झाकून ठेवायला कोणाला तरी सांगितलं पाहिजे. हेडन ताटात बघत होता. एव्हिसने काटा खाली ठेवला, उठून फ्रीजवरची यादी काढून आणली आणि टेगनच्या पेनने 'नॅन (फुकट)' एवढंच खोडलं.

"मम, हे काय?" ट्रूडी आईला म्हणाली. "तू वाजवणार नाहीस? परवा तर काही बोलली नाहीस."

"परवा कोणी विचारलं नव्हतं."

टेगनचा चेहरा उतरला. "नॅन, चिडलीस का? फुकट मी असंच लिहिलं गं, गंमत म्हणून."

"चिडले नाही. फुकटच आहे ते, खोटं काय लिहिलंस?" एव्हिस बसली. तिने हेडनकडे पाहिलं, तसा त्याने फोन काढून मिठाच्या भांड्याला टेकवून ठेवला. पियानो वाजू लागला. खोकला आला तेव्हा डॅरिलने मान वर करून सासूकडे पाहिलं. काकाकुवे ओरडले तेव्हा टेगनला हसू फुटलं आणि लगेच तिने हाताची पाठ डोळ्यांवर दाबली.

"हे तेहतीस मिनिटं चालतं," एव्हिस म्हणाली. "जोडपं दाराबाहेर पडलं की डॅरिल आवाज हळूहळू कमी करेल. एकदम बंद करायचा नाही."

"पण लोक काय म्हणतील?" ट्रूडीचा आवाज आता खाली आला होता. "पियानो तिथेच, तू तिथेच, आणि वाजतोय फोन."

एव्हिसने लेकीकडे पाहिलं. समोरून, आरशाशिवाय. मग तिने बटाट्यांचं भांडं डॅरिलकडे सरकवलं.

"म्हणू देत. मी कड्यात उभी राहणार आहे. दाराजवळची शेवटची जागा माझी, आणि ट्रूडी, तू माझ्या शेजारी."