नेविनची डाव्या हाताची रायफल

नेविन प्रॉप्स्टचा मी चाळीस वर्षं हेवा करत आलो आहे. त्यासाठी मला वेगळी सवड काढावी लागली नाही, कारण तो ओढ्यापलीकडे समोरच राहतो. सकाळी पडदा सारला की पहिला त्याचाच धूर दिसतो.

तसा माणूस साधा आहे. तीस वर्षं शाळेची बस चालवली. वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या दरीत बर्फ पडलं की बाकीचे ड्रायव्हर आजारी पडायचे, हा पडायचा नाही. बायको गेली, पोरी लग्न होऊन लांब गेल्या, तरी घर झाडलेलं आणि दाढी केलेली. कुणाबद्दल वाकडा शब्द नाही. असा माणूस शेजारी असणं म्हणजे काय छळ असतो ते ज्याच्या वाट्याला येतं त्यालाच कळतं.

पण माझ्या खऱ्या पोटदुखीचं नाव आहे हॅम. नोव्हेंबरात चार शनिवार अग्निशमन दलाच्या हॉलमागे पॉइंट बावीस बोअरच्या, म्हणजे बारीक गोळीच्या रायफलींची नेमबाजी असते. प्रत्येकाला एक कार्ड, कार्डावर फुली, गोळ्या दहा. ज्याचे दहा नेम फुलीच्या सगळ्यांत जवळ, त्याला धुरी दिलेलं अख्खं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी. नेविनच्या घरात टांगलेल्या हॅमचा वास ओढा ओलांडून येतो. मी दर वर्षी दुसरा. दुसऱ्याला बीन्सचं सूप मिळतं, आणि ते तर सगळ्यांनाच फुकट असतं.

बरं, दरीतल्या दुकानात बंदुकांच्या काउंटरवर मी नोकरीला आहे. अख्ख्या दरीत कुणीही रायफल घेतो ती मला विचारून. नवी रायफल मी नेऊन तपासतो, पाच गोळ्यांचं कार्ड काढतो, कुठल्या गोळ्या तिला मानवतात ते कार्डावर लिहितो आणि ते घडी करून पेटीत ठेवतो. पुढे रायफल कुणाला विकली तर कार्ड तिच्याबरोबरच जातं. कार्डाशिवाय रायफल देणं म्हणजे घोड्याचे दात न दाखवता घोडा विकणं.

आणि हा नेविन डावखुरा! बापाची उजव्या हाताची रायफल घेऊन मला हरवायचा. दस्ता डाव्या खांद्याला, घोड्यावर डावं बोट, आणि दर गोळीनंतर डावा हात सोडून रायफलवरून पलीकडे नेऊन बोल्ट, म्हणजे पुंगळी काढून पुढची गोळी भरायची उजवीकडची मूठ, ओढायचा. रिकामी पुंगळी त्याच्या नाकासमोरून उडायची. हे सगळं करून फुलीला भोक. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गेल्या वसंतात त्याच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही. म्हणजे पलीकडचा बोल्ट ओढणं बंद. खरं सांगतो, मला बरं वाटलं. घरी आल्यावर ओलेटानं, माझ्या बायकोनं, माझ्याकडे एकदाच बघितलं.

"तुझं तोंड एवढं का उजळलंय?" ती म्हणाली.

"कुठं काय."

"नेविनचा खांदा गेला म्हणून खूश आहेस. लाज वाटू दे जरा."

ऑक्टोबरच्या शेवटी नेविन दुकानात आला. काखेत लांबट पेटी होती. त्याच्या पोरींनी मिळून पाठवलेली, डाव्या हाताची, बावीसची. बोल्ट डावीकडे. कंपनीची सगळ्यांत स्वस्त, दस्ता प्लॅस्टिकचा.

"डॉर्सी, एवढी तपासून दे रे," तो म्हणाला. "स्वस्तातली आहे, म्हणून धाकधूक वाटतेय. तू बरी म्हणालास तर ठेवतो, नाहीतर पोरींना सांगतो पैसे परत घ्या."

"आणि परत केलीस तर?"

"तर यंदापासून सूप वाढतो. कुणीतरी वाढायलाच पाहिजे ना."

मंगळवारी मी ती घेऊन आमच्या मागच्या कुरणात गेलो. चाचणीला मी एकटाच जातो. मी उजवा, बोल्ट डावीकडे. पहिल्या गोळीनंतर माझा हात हवेतच चाचपडला. मग उजवा हात सोडून वरून पलीकडे नेला, तर गाल दस्त्यावरून सुटला, दुर्बिणीतून फुली गेली, सगळं पुन्हा पहिल्यापासून. पाच गोळ्यांत मी वैतागलो. हा माणूस पन्नास वर्षं हेच करत होता! एखाद्याला दया आली असती. मला एवढंच सुचलं, की असा अवघडून यानं मला हरवलं, मग सरळ हातानं काय करील?

कार्ड आणायला गेलो. पाचही गोळ्या शर्टाच्या बटणाखाली झाकल्या असत्या. संथ गोळ्या होत्या त्या, मी नेहमी आधी त्याच घालतो. स्वस्त प्लॅस्टिकच्या दस्त्यात इतकी चांगली नळी मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

ते कार्ड मी चुलीत घातलं.

मग वेगवान गोळ्यांचा मोठा डबा काढला. गेल्या वर्षी याच नळीची उजव्या हाताची रायफल तपासली होती, तिला त्या अजिबात मानवत नव्हत्या. हिलाही मानवल्या नाहीत. पाच गोळ्या बशीएवढ्या विखुरल्या. ते कार्ड मी नेविनला दिलं.

"नळीच वाईट आहे," मी म्हणालो. "परत कर."

त्यानं कार्ड उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं. "तू म्हणतोस म्हणजे झालं," म्हणाला आणि पेटी घेऊन गेला. शुक्रवारी ती काउंटरवर आणून ठेवली. पोरींनी ऑर्डर आमच्याच दुकानातून दिली होती, त्यामुळे पैसे तिथंच परत झाले. मी पेटी न उघडता मागच्या फळीवर टाकली.

शनिवारी हॅम मला मिळालं. नेविन एप्रन बांधून सूप वाढत होता, डावा हात अंगाशी धरून. माझं नाव पुकारल्यावर सगळ्यांत आधी टाळ्या त्यानं वाजवल्या, पळी बगलेत धरून. रविवारी ओलेटानं हॅम कापलं. मी दोन घास खाल्ले आणि खारट आहे म्हणून ताट सारलं.

सोमवारी वरच्या वाडीतली ट्रेसा रेन्स आली. तीही डावखुरी. "ती परत आलेली आहे ना, ती दाखवा की," म्हणाली. मी पेटी उघडली. वर माझं बशीवालं कार्ड, आणि त्याच्याखाली दुसरं. पाच गोळ्या, बटणाखाली झाकतील अशा. खाली नेविनच्या बस-ड्रायव्हरी अक्षरात लिहिलेलं होतं, 'संथ गोळ्या', आणि तारीख गुरुवारची.

"ही नाही विकायची," मी म्हणालो.

"अहो, पण तुम्हीच तर नापास केलीत म्हणे!"

"म्हणूनच नाही विकायची." दुकानातल्या पोऱ्याला तिला दुसऱ्या रायफली दाखवायला सांगितलं आणि मी दुकान सोडून निघालो.

नेविन अंगणात काळ्या अक्रोडांची सालं काढत बसला होता. बोटं मनगटापर्यंत काळी. मी पेटी त्याच्यापुढे ठेवली.

"गुरुवारी तुला कळलं होतं?"

"हो."

"मग शुक्रवारी परत का केलीस?"

"अरे, अख्खी दरी तुझ्या शब्दावर रायफल घेते," तो अक्रोड सोलत म्हणाला. "हिनंच मी शनिवारी हॅम उचललं असतं, तर लोक काय म्हणाले असते? डॉर्सीला कळत नाही म्हणाले असते. नाहीतर डॉर्सी खोटं बोलतो म्हणाले असते. सोमवारी कोण आलं असतं तुझ्या काउंटरवर?"

"तुला माहीत होतं, मी मुद्दाम..."

"मला कार्डं तेवढी माहीत आहेत, लेका."

"मग ते कार्ड पेटीत कशाला ठेवलंस? मी बघणार हे ठाऊक होतं ना?"

त्यानं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "कार्ड रायफलचं असतं, डॉर्सी. माझं थोडंच आहे?"

रायफलीचे पैसे मी निघतानाच दुकानात माझ्या खिशातून भरले होते, ती त्याच्याकडे ठेवून आलो. नको नको म्हणत होता, पण हात आधीच पेटीवर फिरत होता. परत येताना ठरवलं, पुढच्या नेमबाजीत सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं. नोकरी गेली तर गेली.

त्या शनिवारी नेविन सरळ हातानं, कोपर जागचं न हलवता दहा गोळ्या मारून उठला. मी पुन्हा दुसरा, आणि तेही बरंच मागे. दलाचा प्रमुख एलवूड हॅम घेऊन आला आणि रायफलीकडे बघून थबकला.

"ही डॉर्सीनं नापास केलेलीच ना?"

हॉलमागचे सगळे माझ्याकडे वळले. ट्रेसाही माझ्याकडे बघत होती. मी सुपाची वाटी खाली ठेवली, घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

"नापासच होती," नेविन माझ्याआधी बोलला. "बोल्ट नीट बसत नव्हता. डॉर्सीनं दोन रात्री बसून घासून दिला. वर एक पैसा घेतला नाही."

लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. एलवूडनं पाठीवर थाप मारली. आणि मी, चाळीस वर्षं त्याच्यावर जळत आलेला माणूस, उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं.

तेव्हापासून चौघांनी मला बोल्ट घासायला आणून दिलेत. मी घासतो. काय करणार?

नेविन प्रॉप्स्टला खोटं बोलताना मी जन्मात तेवढं एकदाच ऐकलं. आणि तेही मेला माझ्यापेक्षा चांगलं बोलला.